उपरोध आणि उक्तीचे उत्तरदायित्व

उपरोधावरील नैतिक आक्षेप बहुधा असत्याच्या अंगाने घेतला जातो. तासभर उशिरा आलेल्या माणसाला ‘फारच लवकर आलात’ असे म्हणणारा शब्दशः खरे बोलत नाही. पण तो खोटेही बोलत नाही. खोटे बोलणाऱ्याला आपला अभिप्राय लपून राहावा असे वाटते, तर उपरोध करणाऱ्याला तो ओळखला जावा असे वाटते. त्यामुळे उपरोधाचा नैतिक प्रश्न सत्यासत्याचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. उच्चारलेल्या शब्दांचा धनी अभिप्रेत अर्थाचाही धनी होण्यास तयार असतो काय?

या व्यापाराची घडण साहित्यशास्त्राने फार पूर्वी ओळखली होती. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेष आणि काकू असे दोन प्रकार मानले; काकू म्हणजे अर्थ पालटणारा स्वराचा हेल. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनीचे जे उदाहरण दिले आहे, त्यात अपकार करणाऱ्याचेच त्याच्या उपकारांबद्दल गुणगान आहे, वाच्यार्थ तेथे सर्वस्वी त्यागला जातो. पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उपरोधाचा उलगडा संभाषणातील सत्यतेच्या संकेताचे उघड उल्लंघन असा केला. १९८१ मध्ये डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रा विल्सन यांनी निराळी बाजू पुढे आणली : वक्ता उलट बोलत नसतो, तर दुसऱ्याच्या उक्तीचा वा अपेक्षेचा प्रतिध्वनी उमटवून त्यापासून आपले अंतर दाखवीत असतो.

परंतु दैनंदिन व्यवहारात वाच्यार्थ खरोखरच त्यागला जातो काय? ‘शालजोडीतला’ हा मराठी शब्दप्रयोग येथे अधिक नेमका ठरतो. मार जोड्याचा बसतो; मात्र शाल टाकून दिली जात नाही. ऐकणाऱ्याने तक्रार केली की तीच पुढे केली जाते : ‘मी तर कौतुकच केले.’ ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीतील सुनेची कोंडीही अशीच आहे. बोलणे तिला उद्देशून नव्हते. त्यामुळे तिने उत्तर देणे हाच तिचा अपराध ठरतो. जखम तिची आणि त्या शब्दांत तो अर्थ शोधल्याचा दोषही तिचाच. उपरोधातील अन्याय कठोरपणात नसून या वाटणीत आहे.

तथापि, सर्वच उपरोध या सदरात मोडत नाही. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांचा तिखट उपहास आहे, पण तो जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडतो. धोंडीबा प्रश्न विचारतो, आणि उपहासामागील आरोप स्पष्ट शब्दांत मांडणे भाग पडते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ पासून निघू लागलेल्या ‘निबंधमाले’त फुल्यांच्या लेखनाचा उपहास केला, तोही लपूनछपून नव्हे. मात्र भाषेच्या व व्याकरणाच्या दोषांवर त्याचा रोख वळतो, तेथे मूळ सामाजिक आरोप अनुत्तरित राहतो. म्हणजे आपला अर्थ नाकारणे ही उत्तरदायित्व टाळण्याची एकच रीत नव्हे. उपहासाच्या भरात प्रतिपक्षाचा प्रश्न बाजूला सारणे ही दुसरी रीत होय.

लेखी संभाषणात हा पेच वाढतो, कारण तेथे काकूच उरत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विनोदी मजकुराशेजारी आडव्या हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह वापरावे असे सुचविले, ते गैरसमज टळावेत म्हणून. हरवलेल्या स्वराची ती लिखित भरपाई होती. पण झोंबणाऱ्या वाक्यापुढे जेव्हा असे चिन्ह येते, तेव्हा ते अर्थ स्पष्ट करण्याऐवजी माघारीची वाट आधीच मोकळी करून ठेवते. शालीचे काम आता चिन्ह करू लागते.

म्हणून उपरोधाची कसोटी उच्चाराच्या क्षणी लागत नाही. ती लागते पुढच्या वाक्यात. ज्याला बोल लागला त्याने ‘याचा अर्थ काय?’ असे विचारले असता, जो आपला आरोप सरळ शब्दांत मांडतो आणि त्यावरचे उत्तर ऐकून घेतो, त्याचा उपरोध हा वादाचाच एक प्रकार होय. जो त्या क्षणी वाच्यार्थाच्या आड जातो, त्याने वाद केलेला नसतो. त्याने केवळ दुसऱ्याचे उत्तर देण्याचे साधन काढून घेतलेले असते.