पुसण्याआधी

जुना लॅपटॉप समोर घ्या. चार्जर लावूनच ठेवा, बॅटरीवर विसंबायचे त्याचे दिवस गेले. बटण दाबा आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसा. सुरू व्हायला तो तीन-चार मिनिटं घेणारच आहे. आज ती त्याला देऊन टाका.

आधी नुसतं ऐका. वर पंख्याची घरघर आहे, तिच्याखाली एक बारीक, सलग गुणगुण. ती हार्ड डिस्क. माझा लॅपटॉप २०१२ सालचा. त्याची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. मधूनच टकटक होते, ती तबकडीवरून इकडून तिकडे धावणाऱ्या हेडची. हवा तो मजकूर हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते. एका तुकड्यासाठी हे काहीच नाही, पण सुरू होताना असे हजारो तुकडे गोळा करायचे असतात. आपण ‘हँग झालाय मेला’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा बिचारा नुसता रांगेत उभा असतो.

आता एक प्रश्न मनात धरा, आणि उत्तराची घाई करू नका. यात म्हातारं नेमकं काय झालंय?

बॅटरी झाली आहे, उघड आहे. डिस्क थकली असेल. फिरणारी वस्तू झिजतेच. पंखा? मागचं झाकण काढून पाहा. हवा बाहेर पडायच्या जाळीवर धुळीचा करडा थर बसलेला असतो, गोधडीतल्या जुन्या कापसासारखा घट्ट. रंगाच्या कोरड्या ब्रशने तो हलकेच सोडवा. माझ्याकडे तो एका तुकड्यात निघून आला, तळहातावर मावेल एवढा.

आणि प्रोसेसर? इथे थोडं थांबा. तेरा-चौदा वर्षांपूर्वी तो ज्या वेगाने बेरजा करत होता, त्याच वेगाने आजही करतो. फार तापला तरच दमाने घेतो. रॅम तेव्हाही ४ जीबी होती, आजही तेवढीच आहे. दुकानदाराने तेव्हा ‘भरपूर झाली’ म्हणून सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. आता ब्राउझरच्या दहा टॅब तेवढी एकट्याच गिळतात. याच्यात उणं काही झालेलं नाही, आपलं मागणं वाढत गेलं. घरातल्या एखाद्या माणसाची आठवण इथे येईल. येऊ द्या, पण आज लॅपटॉपपाशीच राहू.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा तिसऱ्या पिढीतला. आडवाटेने ते बसवणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. ज्या घरात आपल्याला बोलावलेलंच नाही, तिथे पाट मांडून बसण्यासारखं वाटतं. मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. तिचं किमान मागणं २ जीबी रॅमचं, ४ असेल तर ती सुखाने राहते. खिशाला परवडत असेल तर त्याआधी जुनी डिस्क काढून एसएसडी लावा. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून अर्ध्या फेऱ्याचं थांबणंही नसतं. कुठल्याही नव्या सिस्टिमपेक्षा हा फरक मोठा आहे.

पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. या पायरीवर खुशाल रेंगाळा. पडद्यावर नवी सिस्टिम चालते आहे आणि डिस्कला अजून धक्काही लागलेला नाही. वायफाय जोडून पाहा, एखादं गाणं लावा, प्रिंटर बोलतो का बघा. नाही जमलं तर पेन ड्राइव्ह काढा, जुनं सगळं जागच्या जागी आहे.

मग तो पर्याय समोर येतो: डिस्क पुसून इन्स्टॉल करा. माउसवरचा हात काढून घ्या. या डिस्कवर काय काय आहे, ते आठवू नका, उघडून पाहा. फोटो आपण आठवणीने काढून ठेवतो. फॉन्टचं फोल्डर कोणी उचलत नाही. मागच्या खेपेला मीही उचललं नव्हतं. ते उचला, मगच बटण दाबा.

आता तुमच्या हातात काही नाही. निळी पट्टी सरकते आहे, ती पाहा. मध्ये नकाशा येईल आणि राहता कुठे विचारेल. तुम्ही साताऱ्यावर टिचकी मारा की नागपूरवर, उत्तर कोलकाताच. अख्ख्या भारताची वेळ संगणकांच्या यादीत त्या एकाच शहराच्या नावाने लावलेली आहे. हसा आणि पुढे चला.

लॅपटॉप पुन्हा सुरू होईल. ऐका, पंखा आता खालच्या पट्टीत आहे.

माझ्याकडे आत्याची ‘अनारसे’ नावाची फाइल आहे, वीसेक वर्षांपूर्वी टाइप केलेली. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवायचे. फॉन्ट गेला की मागे उरतात ती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. पानभर नुसता काला. फाइल जशीच्या तशी आहे, फक्त वाचता येत नाही. त्या गर्दीत दुसऱ्या ओळीत एक आकडा मात्र शाबूत राहिला आहे: ३.

त्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो. तीन दिवस. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं.

नवी कोरी फाइल उघडली. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक लावला. पहिलाच शब्द तांदूळ. ‘ळ’साठी शिफ्ट दाबून एन.