दुसऱ्याचे देवघर आणि लेकरांचे हात



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता हा अनुभव येतो. नात शाळेतून येते आणि दप्तरातून कागदाचा पक्षी काढते. म्हणते, ‘आजी, हा जपानचा.’ पुढच्या महिन्यात नातू कवटीचा रंगीत मुखवटा घालून दारात उभा राहतो. म्हणतो, ‘हा मेक्सिकोचा.’ पहिली-दुसरीच्या वर्गांत हल्ली जगाची ओळख पुस्तकापेक्षा कात्री, डिंक, रंग आणि कणीक यांतून करून देतात. मुले त्यात रंगून जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र प्रश्न उभा राहतो, की परक्यांच्या चालीरीतींत लेकरू रमले तर आपले संस्कार कुठे राहतील? याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो फारसा कोणी विचारत नाही. एखाद्या समाजाने जिवापाड जपलेली गोष्ट आपण मुलांच्या हाती खेळणे म्हणून द्यावी का? या दोन्ही प्रश्नांचा आज मिळून विचार करू.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लांब जायला नको. येत्या एकादशीला आपल्या फराळाच्या ताटाकडे नीट पाहा. साबुदाणा आज ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणाही तिकडचाच. बटाटा पेरू देशाच्या डोंगराळ मुलखातला, रताळे अमेरिका खंडातले आणि हिरवी मिरची मेक्सिकोच्या बाजूची. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि पुढे जहाजांतून हे सारे हळूहळू आपल्याकडे आले. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा या मुलखात साबुदाण्याची खिचडी असणे शक्यच नव्हते. दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडूही मेक्सिकोहून आलेला पाहुणा आहे.

मग आपली एकादशी परकी झाली का? मुळीच नाही. ताटातले जिन्नस बदलले, व्रत तेच राहिले. कारण व्रत जिन्नसांत नव्हते, त्या दिवशी मन पांडुरंगाजवळ ठेवण्यात होते. ज्याच्या मुखी नाम पक्के आहे, त्याला दारी आलेल्या पाहुण्याचे भय वाटत नाही. लेकराने कागदाचा पक्षी घडवला म्हणून त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ तुटत नाही. माळ तुटते ती घरात तिचा अर्थ कोणी सांगत नाही म्हणून, आणि तो दोष शाळेचा नव्हे.

आता दुसरा प्रश्न. हाताने करून पाहणे हा खेळ आहे की शिकणे? वारकऱ्याला याचे उत्तर देण्याचा अधिकार आहे, कारण आपण सगळे हातापायांनीच शिकलो. टाळ कसा धरावा हे कोणी व्याख्यानातून सांगितले नाही. मोठ्यांच्या शेजारी उभे राहून चुकत-चुकत तो हाताला कळला. आळंदी ते पंढरपूर अंतर किती, हे आकड्यापेक्षा पायांच्या फोडांनी अधिक सांगितले. आषाढीच्या आधी गावोगावच्या शाळांतून बालदिंडी निघते. डोक्यावर प्लॅस्टिकची तुळस घेतलेली चिमुरडी आणि काजळाची मिशी लावलेला छोटा वारकरी पाहून आपले डोळे भरून येतात. तो खेळच असतो, तरीही आपण त्याला खोटा म्हणत नाही, कारण त्या खेळातून भाव अंगात उतरतो हे आपल्याला ठाऊक आहे.

पण याच बालदिंडीची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. फोटो निघाला, फेटा उतरला आणि विठोबा कमरेवर हात ठेवून विटेवर का उभा, हे लेकराला कोणी सांगितलेच नाही, तर काय उरते? समजा, सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या वर्गात मुलांनी पुठ्ठ्याचा विठ्ठल केला. आपल्याला काय वाटेल? बाईंनी त्यांना पुंडलिकाची कथा सांगितली, आईबापाची सेवा चालू होती म्हणून देवालाही थांबावे लागले हे सांगितले आणि मग त्या मुलांनी वीट रंगवली, तर आपण धन्य होऊ. कथा न सांगता नुसती मूर्ती कापून चिकटवली, तर मनाला काहीतरी टोचेल. जे आपल्याला टोचेल, तेच दुसऱ्यालाही टोचते. तो मापदंड आपण आपल्या वर्गांनाही लावला पाहिजे.

कागदाचा तो पक्षी घ्या. तो क्रौंच पक्षी. असे हजार पक्षी घडवले की मनातली इच्छा पुरी होते, अशी जपानी लोकांची श्रद्धा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी २ वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. रुग्णालयात पडल्या-पडल्या ती मिळेल त्या कागदाचे, औषधांच्या वेष्टनांचेही पक्षी घडवत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या १२व्या वर्षी ती गेली. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला, जपानभरच्या शाळकरी मुलांनी वर्गणी दिली आणि १९५८ मध्ये हिरोशिमात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. आजही जगभरातून तिथे दर वर्षी सुमारे १ कोटी कागदी पक्षी येतात. हे ऐकून घडवलेला पक्षी आणि न ऐकता घडवलेला पक्षी दिसायला सारखेच. पण पहिला घडवताना लेकराचा हात क्षणभर थांबतो. शिक्षण त्या थांबण्यात आहे.

मेक्सिकोच्या मुखवट्याचेही तसेच. १ आणि २ नोव्हेंबरला तिथली माणसे आपल्या गेलेल्यांना घरी बोलावतात. घरात वेदी मांडतात, फोटो ठेवतात, झेंडूची फुले पसरतात, गेलेल्याच्या आवडीचे जेवण ठेवतात. आपल्याला लगेच पितृपक्ष आठवेल. तरी ‘सगळे एकच’ म्हणून मोकळे होऊ नये. आपल्याकडे ते दिवस गंभीर, तिथे गाणी, रंग आणि हसरी कवटी. साम्यामुळे जवळीक वाटते, आणि वेगळेपण राखले म्हणजे आदर राहतो. लेकराला दोन्ही सांगावे.

आणि राजगिऱ्याचा लाडू तर वर्गात वळायलाच हवा. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या गोड पाकात घालून वडी करतात. तिला ‘अलेग्रिया’ म्हणतात, म्हणजे आनंद. युरोपीय लोक तिथे पोहोचण्यापूर्वी अ‍ॅझ्टेक लोक याच धान्याच्या गोड कणकेच्या देवमूर्ती घडवीत आणि त्यांचे तुकडे वाटून खात. स्पॅनिश सत्तेने ती पूजा दडपली. धान्य मात्र टिकले. ज्या दाण्यावर दुसऱ्या कोणाची भक्ती चिरडली गेली, तो दाणा आपण उपवासाला खातो. हे कळले की लाडू तोंडात घालण्यापूर्वी हात आपोआप जोडले जातात.

इथवर सोपे आहे. खरी परीक्षा पुढे आहे. मेक्सिको दूर आहे, जपान दूर आहे. दूरच्यावर प्रेम करायला काही पडत नाही. पण त्याच वर्गात शेवटच्या बाकावर ऊसतोड मजुराचे लेकरू बसते. कोणी तांड्यावरून येते, कोणी पालावरून, कोणाच्या घरी नमाज होतो. त्यांच्या घरची बोली, त्यांच्या आईच्या हातची भाजी, त्यांचा सण वर्गाला ठाऊक आहे का? जपानचा पक्षी भिंतीवर आणि शेजारच्या मुलाचा डबा अस्पृश्य, असे झाले तर ती सगळी कात्री-डिंकाची कला वाया गेली म्हणावी. पेशाने शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी हे ओळखले होते. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा आणि रीती शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचे स्वप्न त्यांनी पाहिले. पण त्याआधी, मे १९४७ मध्ये, विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्या लेकरांना दार बंद ठेवून दूरच्या प्रांतांशी नाते जोडता येणार नाही, हा त्याचा अर्थ.

तेव्हा सज्जनहो, नात कागदाचा पक्षी घेऊन आली की तिला दटावू नका आणि नुसते ‘छान’ म्हणून सोडूही नका. तिला जवळ बसवून विचारा: हे कोण करते? का करते? आणि त्यांचे आपल्यावर काही ऋण आहे का? तिसऱ्या प्रश्नासाठी एकादशीचे ताट दाखवा. मग तुमची माळ तिच्या हाती द्या आणि तेच प्रश्न तिला तुम्हाला विचारू द्या. शाळेने बोलावले तर टाळ घेऊन जा, मुलांना धरायला शिकवा; आणि तुमच्यानंतर शेवटच्या बाकावरच्या लेकराच्या आजीलाही बोलवा, असे बाईंना आवर्जून सांगा. जत्यातल्या ओव्या असोत की तांड्यावरची गाणी, तिच्याजवळही वर्गाला देण्यासारखे पुष्कळ असेल.

वारीत भेटलेल्या प्रत्येकाला आपण माउली म्हणून पायांना हात लावतो. त्याचे गाव, जात विचारत नाही. वर्गातल्या लेकरांनी जगाला हात लावावा तो याच रीतीने.

राम कृष्ण हरी.