अफू सोडणाऱ्याने औषध घ्यावे काय?

“ज्याने व्यसन आपण होऊन जोडिले, त्याने ते निश्चयानेच सोडावे, औषध घेणे हा दुबळेपणा होय,” असे पुष्कळ लोक म्हणतात. वाचकहो, हे म्हणणे न्याय्य आहे काय?

अफू किंवा गर्द नित्य घेणाऱ्याचे शरीर त्या विषास सरावते. ते एकाएकी बंद केले असता अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, वांत्या व जुलाब होतात, झोप उडते. गर्दाच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसास पोहोचतो, आणि खरा निश्चयही तेथे ढळतो. डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध मोजून देऊन तो त्रास सोसण्याजोगा करितात. यातना भोगल्याने पश्चात्ताप अधिक खरा होत नाही. मोडलेल्या हाडास फळी बांधून घेणाऱ्यास आपण दुबळा म्हणतो काय?

तथापि विष उतरले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. त्या वेळी शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पुष्कळांस ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुढेही दीर्घकाळ चालू ठेवावे लागते.

ह्यास्तव घरी परतलेल्या बंधूस टोचून बोलू नये. त्यास काम द्यावे, सोबत द्यावी, आणि त्याचे औषध चुकू देऊ नये. व्यसन जोडण्याचा दोष त्याचा असेल; परंतु त्यास एकटे टाकण्याचा दोष आपला होईल.