रंगमंचावरील धिटाईची घडण

संगीत आणि रंगभूमीच्या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुणाला ‘आत्मविश्वास ठेव’ असे सांगितले जाते तेव्हा आत्मविश्वास ही त्याच्या मनात आधीपासून असलेली आणि केवळ जागी करावयाची शक्ती आहे, असे गृहीत धरलेले असते. मग आवाज कापला, ऐनवेळी शब्द आठवले नाहीत किंवा ऑडिशनहून रिकाम्या हाताने परतावे लागले, तर दोष त्याच्या स्वभावाला लावला जातो. ही समजूत तपासून पाहण्यास वर्सोव्याइतकी योग्य जागा मुंबईत क्वचितच सापडेल, कारण येथे एकाच किनाऱ्यावर, चालत जाण्याच्या अंतरावर, कलावंत घडण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत.

पहिली रीत कोळीवाड्याची. ज्या गावाला तेथील रहिवासी वेसावे म्हणतात, त्या गावातून ‘वेसावकर आणि मंडळी’ हा कोळीगीतांचा संच पुढे आला, आणि काशीराम चिंचय यांच्यासारख्या कलावंतांच्या नावाशी जोडलेली त्याची गाणी कॅसेटच्या काळात महाराष्ट्रभर हळदीला, वरातीत आणि गणपतीच्या मांडवात वाजू लागली. या गाण्यामागची शाळा स्टुडिओत भरत नव्हती. ती नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत, शिमग्यात आणि लग्नघराच्या अंगणात भरत होती. आगरी-कोळी लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. तिच्यामागे ओळ उचलणारी तरुण मुलगी कित्येक लग्ने केवळ साथ करीत राहते आणि मगच तिच्याकडे गाणे सांगण्याचा मान येतो. तोवर तिने चुका केलेल्या असतात, पण त्या एकटीने केलेल्या नसतात, कारण ऐकणाऱ्या बायकांनाही गाणे ठाऊक असते आणि निसटलेली ओळ त्याच सावरून घेतात. अर्थात या रीतीचे गोडवे गाताना तिची कुंपणे विसरून चालणार नाही: गाव, जात आणि नाते यांच्या बाहेरच्या माणसाला तिच्यात सहज शिरकाव नव्हता.

मराठी संगीत नाटकाने हीच साथ गावाबाहेर काढून फिरती केली. 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारी किर्लोस्कर नाटक मंडळी, 1913 ची गंधर्व नाटक मंडळी, 1918 ची मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी या संस्था म्हणजे बिऱ्हाडासह गावोगाव हिंडणारी घरेच होती, ज्यांत पोरवयातला नट छोट्या भूमिकांपासून सुरुवात करी आणि तालीममास्तरांच्या नजरेखाली, विंगेत उभा राहून मोठ्यांचे ऐकत, वर्षानुवर्षे वाढत असे. लता मंगेशकर यांचे बालपण वडिलांच्या अशाच मंडळीत गेले. पुढे त्यांच्या गाण्यात जी निःशंकता दिसली तिच्यामागे प्रतिभा होतीच, पण प्रेक्षकांसमोर उभे राहणे ही त्यांच्या घरातली रोजची गोष्ट होती, हेही विसरता येत नाही.

चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाची कथा याहून बोलकी आहे, आणि ती फारच थोड्या वेळा सांगितली जाते. पन्नासच्या दशकापासून पुढे तीसेक वर्षे ताडदेवच्या फेमस आणि फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी गायक आणि सारे वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. संगीतकाराची चाल कोणते वाद्य कोठे वाजवील हे लिहून काढणाऱ्याला अरेंजर म्हणतात. सेबॅस्टियन डिसोझा आणि अनिल मोहिले ही त्यांतली ठळक नावे, आणि ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याचे अँथनी गोन्साल्विसही याच परंपरेतले. एकाची चूक झाली की सर्वांना गाणे पहिल्यापासून वाजवावे लागे, त्यामुळे नवख्याच्या मनातली भीती मोठी असे. परंतु व्हायोलिनच्या ताफ्यात दोघे वादक एकाच स्टँडवरचे स्वरलेखन वाचतात, आणि नवख्याच्या शेजारी जुना जाणता बसलेला असला की कोठे जोर द्यायचा आणि कोठे नुसता गज टेकवायचा हे तो न विचारताच शिकून घेई. सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही त्यांची संघटना मोबदल्याचा आणि कामाच्या वेळेचा प्रश्न हाती घेत असल्याने वादकाला प्रत्येक वेळी एकट्याने घासाघीस करावी लागत नसे. कौशल्य आणि पोट या दोन्ही बाबतींत शेजारी कोणीतरी असणे, यालाच त्या काळात धिटाईचा पाया म्हणता येईल.

ऐंशीच्या दशकाअखेरपासून कीबोर्ड आणि नंतर संगणकावरील प्रोग्रॅमिंग, म्हणजे वाद्यांचे आवाज यंत्रावर रचणे, यांनी हा पाया हलविला. ताफ्यांचे काम आटले आणि अंधेरी, लोखंडवाला, वर्सोवा येथील सदनिकांच्या खोल्यांत लहान स्टुडिओ उभे राहिले. यातला लाभ खरा आहे, कारण लहान शहरातून आलेल्या मुलीलाही आता थोड्या खर्चात आपले गाणे नोंदविता येते. तोटाही तितकाच खरा आहे: पंचिंग, म्हणजे गाणे ओळीओळीने तोडून पुन्हा पुन्हा नोंदविणे, आणि 1997 मध्ये आलेले, सूर दुरुस्त करणारे ऑटोट्यून यांमुळे संपूर्ण गाणे एका दमात पेलण्याची सवयच लागत नाही. कानाला हेडफोन लावून बंद खोलीत उत्तम गाणारा गायक जिवंत वादकांसमोर डगमगतो, यात नवल मानण्याचे कारण नाही. ज्या कामाचा सराव झाला नाही त्याचा विश्वास यावा तरी कोठून?

‘स्क्रॅच’ या प्रथेत हा फरक स्पष्ट दिसतो. गाण्याचा अंतिम गायक ठरेपर्यंत किंवा मोकळा होईपर्यंत दुसऱ्याकडून गाऊन घेतलेल्या तात्पुरत्या आवाजाला हे नाव आहे. कविता कृष्णमूर्ती यांनी उमेदवारीच्या काळात लताबाईंच्या गाण्यांसाठी असे आवाज दिले, पण तेव्हा त्या संगीतकारासमोर आणि संपूर्ण वाद्यवृंदासह गात होत्या. आवाज पुसला गेला तरी ऐकणाऱ्यांच्या मनात तो राहत होता आणि शिकलेले शिकणाऱ्याकडेच उरत होते. आज स्क्रॅच पुष्कळदा फाइल पाठवून उरकले जाते, एकच गाणे अनेकांकडून गाऊन घेतले जाते, आणि आपला आवाज का नाकारला हे गायकाला कोणी सांगत नाही.

वर्सोव्यातली दुसरी रीत ती हीच, एकेकट्याने निवडले किंवा नाकारले जाण्याची. आराम नगरच्या बैठ्या घरांत कास्टिंगच्या कचेऱ्या, तालमीच्या खोल्या आणि काळ्या भिंतींची छोटी नाट्यगृहे दाटीने वसली आहेत, आणि 2014 मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरचा मुलगाही थेट येथवर येऊ शकतो. मात्र ऑडिशन निवड करते, शिकवीत नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने 1974 पासून प्रायोगिक नाटकाची जी चळवळ चालविली, तिच्यात फसलेल्या प्रयोगालाही पुढचा प्रयोग मिळत असे आणि तोच प्रेक्षक पुन्हा येऊन बसत असे; उलट तासाच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत फसण्याची किंमत ज्याची त्याने मोजावयाची असते, म्हणून तो धोका पत्करणेच टाळले जाते.

दूरचित्रवाणीच्या स्पर्धांनी ही पोकळी भरली, असे म्हणता येत नाही. 2005 मध्ये अभिजीत सावंत पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चे विजेते ठरले तेव्हा रातोरात मिळणाऱ्या ओळखीचे आकर्षण घरोघर पोहोचले, पण 2009 मध्ये हिंदी ‘सा रे ग म प’ जिंकणाऱ्या वैशाली माडे यांचा आवाज ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’मधून देशभर गाजला तो 2015 मध्ये. मधल्या सहा वर्षांवर कोणी कार्यक्रम काढीत नाही, आणि व्यवसाय नावाची वस्तू नेमकी त्याच वर्षांत घडत असते: शिकवण्या, जाहिरातींच्या जिंगल, लग्नसमारंभ, गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, इतरांच्या मागे कोरस. मराठी ‘लिटिल चॅम्प्स’चे विजेतेपद 2009 मध्ये कार्तिकी गायकवाड यांना मिळाले, तरी आर्या आंबेकर, रोहित राऊत, प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन यांचे गाणेही पुढे चालू राहिले, हे अंतिम फेरीच्या निकालापेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे.

धिटाईला कायद्याचाही आधार लागतो. साठच्या दशकात लताबाईंनी गायकाच्या रॉयल्टीचा आग्रह धरला तेव्हा मोहम्मद रफींसह अनेकांचे मत वेगळे होते आणि कायदाही लताबाईंच्या पाठीशी नव्हता. कलावंताच्या सादरीकरणावरचा हक्क 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आला, आणि 2012 च्या दुरुस्तीने त्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर रॉयल्टी मिळण्याची तरतूद झाली. याच हक्काच्या वसुलीसाठी 2013 मध्ये ‘इस्रा’ या नावाने गायकांची संस्था स्थापन झाली. स्क्रॅच गाणाऱ्याच्या हाती मात्र यातून फारसे काही येत नाही, कारण ज्याचा आवाज अंतिम गाण्यात वापरलाच गेला नाही त्याची रॉयल्टीही संभवत नाही. म्हणून त्याच्यासाठी गाण्यापूर्वीच ठरलेला मोबदला, तो देण्याची तारीख आणि आवाज ठेवला गेल्यास नाव देण्याची अट, या तीन गोष्टी कागदावर असणे कोणत्याही उत्तेजनपर व्याख्यानाहून मोलाचे आहे. असा कागद एकटा नवखा मागू लागला तर दुसरा गायक बोलावला जाईल. आराम नगरात एकत्र तालीम करणारे, एकमेकांना साथ देणारे आणि महिन्याकाठी त्याच ओळखीच्या श्रोत्यांसमोर उभे राहणारे दहाजण तो मागू लागले, तर स्टुडिओवाल्याला तो लिहून द्यावा लागेल.