शिकाऊ सारथ्याचा प्रमाद

मोटार चालविण्याची विद्या पोहण्याच्या विद्येहून एका बाबतीत अगदी भिन्न आहे: पोहणे शिकणारा स्वतःचाच जीव पणाला लावतो, तर गाडी शिकणारा पोलादी कवचाच्या आत सुरक्षित बसून प्रामुख्याने दुसऱ्याचा जीव पणाला लावीत असतो. क्लच, गिअर आणि ब्रेक यांची संगती हातापायांत मुरेपर्यंतचा काळ त्याला ज्या रस्त्यावर घालवावा लागतो, त्याच रस्त्याने शाळकरी मुले, काठी टेकणारे वृद्ध, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया आणि सायकलस्वार जात-येत असतात. आणि यांपैकी कोणीही त्याच्या शिक्षणाला आपल्या देहाची जोखीम देण्याचे कबूल केलेले नसते. तेव्हा नवशिकेपण ही निरपराध अवस्था मानावी काय, आणि त्या अवस्थेत काही अनर्थ घडल्यास दोष कोणाच्या पदरी बांधावा, हा प्रश्न केवळ वाहतूक खात्याचा राहत नाही, तो धर्माधर्माचाही होतो.

कायद्याने आपल्यापुरते उत्तर दिले आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांच्या अन्वये शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते, गाडीला पांढऱ्यावर तांबड्या ‘एल्’ची पाटी लावावी लागते, आणि पक्का परवानाधारक शिक्षक गाडी थांबवता येईल अशा रीतीने शेजारी बसवावा लागतो. या तरतुदी शहाणपणाच्या आहेत. परंतु त्या बाह्य आचाराचे नियमन करतात. गाडीच्या चाकामागे बसलेल्या माणसाचे चित्त कोठे आहे, हे पाहणे कोणत्याही सरकारी दप्तराच्या आवाक्यातले नव्हे.

चित्ताचा हा विचार जैन आचार्यांनी जितक्या काटेकोरपणे केला तितका क्वचितच कोणी केला असेल. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसत्या प्राणहरणाला हिंसा म्हटले नाही, तर प्रमादातून घडणाऱ्या प्राणहरणाला म्हटले. आणि कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात याच्याही पुढे जाऊन असे प्रतिपादिले की, बेसावधपणे वागणाऱ्याकडून जीव मरो वा न मरो, हिंसा त्याच्याकडून निश्चितच घडली, आणि जो सर्वतोपरी दक्ष आहे त्याला केवळ घडून गेलेल्या हिंसेमुळे बंध लागत नाही. हा सिद्धान्त शिकाऊ चालकाला लावून पाहावा. एखादा तरुण वृद्धेच्या अंगाला वीतभर अंतरावरून गाडी चाटून नेतो, ती दचकून कठड्याला धरते, आणि तो ‘काही झाले नाही’ म्हणून पुढे जातो. कुंदकुंदांच्या न्यायाने तेथे सर्व काही होऊन गेलेले असते. उलट ज्याचा हात अजून बसलेला नाही, परंतु ज्याची दृष्टी प्रत्येक पावलाकडे आहे आणि ज्याचा पाय ब्रेकवर सिद्ध आहे, त्याचे अकौशल्य हे क्षम्य ठरते. नवशिकेपण हा दोष नव्हे. प्रमाद हा दोष आहे, आणि तो पहिल्या दिवशीही टाळता येतो, ही गोष्ट मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते.

जैन साधूला ईर्यासमितीच्या व्रताने चार हातांपर्यंतची भूमी न्याहाळून पाऊल टाकावे लागते, आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विस्तृत निरूपण आहे त्यातही अहिंसकाच्या चालण्यालाच पहिले स्थान मिळाले आहे. सूक्ष्म जिवांनाही इजा होऊ नये म्हणून त्याची पावले दयेने जपून पडतात. पायी चालणाऱ्याला चार हात, तर चाकावर बसलेल्याला किती? ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक अंतर तोडते, म्हणजे धोका दिसून पाय हलेपर्यंतच तेवढी भूमी मागे पडते. वेग दुप्पट केला की हे अंतर दुप्पट होते, आणि आघाताची शक्ती चौपट. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने पादचारी, सायकली आणि मोटारी जेथे सरमिसळ चालतात तेथे ताशी ३० ही कमाल मर्यादा मागितली, ती मला ईर्यासमितीचीच आधुनिक गणिती आवृत्ती वाटते.

आपल्याकडे शिकवणीची गाडी बहुधा पहाटे बाहेर पडते, कारण त्या वेळी रस्ता मोकळा असतो अशी समजूत आहे. मोकळा असतो तो मोटारींपुरता. झुंजुमुंजू उजेडात रस्त्याच्या कडेला वाकून खराट्याने पाचोळा ओढणारी सफाई कामगार बाई असते, तिची पाठ गाडीकडे असते आणि खराट्याच्या खरखरीत तिला इंजिनाचा आवाज येत नाही. हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकावलेला पेपरवाला पोरगा असतो. फिरायला निघालेले निवृत्त गृहस्थ असतात. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून पहिली आज्ञा निघते ती ‘हॉर्न द्या’ ही.

ही आज्ञा फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या कित्येक विधानांशी आजच्या न्यायबुद्धीला मुळीच समेट करता येणार नाही. तथापि तिच्या आठव्या अध्यायात रथाच्या अपघातांविषयी जे नियम आहेत ते मननीय आहेत. चाक मोडले, आस तुटला, लगाम तुटला, तर दंड नाही. आणि सारथ्याने ‘बाजूला हो’ अशी आरोळी दिली असेल तरीही नाही. ही शेवटची सवलत मला अमान्य आहे. बहिऱ्याला आरोळी पोहोचत नाही, बालक कर्ण्याने भांबावून जागीच खिळते, आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला बाजूला होण्याची इच्छा असूनही होता येत नाही. इशारा दिल्याने कर्तव्य संपत नाही, जबाबदारी फक्त दुर्बळाच्या अंगावर ढकलली जाते. म्हणून शिकाऊ माणसाला कर्ण्याआधी थांबणे शिकवले पाहिजे, आणि माणसाच्या बाजूने जाताना हातभर नव्हे तर चांगले दीड-दोन मीटर अंतर सोडणे शिकवले पाहिजे.

परंतु त्याच ठिकाणी दुसरा एक नियम आहे, आणि तो मला विलक्षण वाटतो. सारथी कुशल असेल तर दंड एकट्या सारथ्याला. तो अकुशल असून हानी झाली तर मालकाला दोनशे पणांचा दंड, आणि रथात बसलेल्या प्रत्येकाला शंभर पणांचा. अनाड्याच्या हाती लगाम असताना जे निमूटपणे आत बसले, त्यांचीही कसूर धरलेली आहे. या दृष्टीने शिकाऊ चालकाच्या गाडीत कोणीच निव्वळ प्रवासी नसतो. चौकात बावरून त्याची गाडी बंद पडते, मागे कर्ण्यांचा गिल्ला होतो, आणि तेवढ्यात मागच्या आसनावरून काकांचा आवाज येतो, ‘अरे, काढ लवकर, होतील ते बाजूला!’ त्या क्षणी अननुभवी पायाने ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला जाण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, आणि समोर झेब्रा पट्ट्यांवर अर्ध्या वाटेत कोणीतरी उभे असते. काकांनी तेथे मागच्यांचा राग स्वतःच्या अंगावर घ्यावा, काच खाली करून हात दाखवावा, आणि मुलाला सांगावे की घाई नाही, आधी त्या बाईंना पलीकडे पोहोचू दे, मग इंजिन सुरू कर.