नवा राग: निर्मिती की अभिव्यक्ती?

एखाद्या तरुण संगीतकाराने नवा राग बांधला असे म्हटले जाते, तेव्हा त्याने नेमके काय केलेले असते, हा प्रश्न वरवर पाहता संगीताचा असला तरी त्याचे मूळ भारतीय दर्शनांतील एका जुन्या वादात आहे. वेदांचे प्रामाण्य सिद्ध करण्यासाठी मीमांसकांनी शब्द नित्य मानला. त्यांच्या मते उच्चारणाने शब्द जन्मत नाही, तो आधीपासून असतोच, कंठ-ताल्वादींच्या प्रयत्नाने तो केवळ प्रकट होतो. या प्रकट होण्यास त्यांनी अभिव्यक्ती म्हटले. नैयायिकांचे उत्तर असे की, जे प्रयत्नानंतरच ऐकू येते आणि लगेच विरते, ते उत्पन्न झालेलेच मानले पाहिजे. शब्द हा आकाशाचा गुण असून तो अनित्य आहे. हा वाद वर्णांविषयीचा होता, रागांविषयीचा नव्हे. तरीही तो नव्या रागाला लावून पाहिला, तर रचनाकाराचे श्रेय आणि त्याचे ऋण या दोहोंचा विचार नव्याने करावा लागतो.

यासाठी कुमार गंधर्वांच्या उमेदीच्या वर्षांइतके बोलके उदाहरण मराठी संगीतविश्वात दुसरे मिळणे कठीण. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, बालवयातच मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीतशाळेत दाखल झाले आणि पुढे तरुणपणीच तेथे शिकवूही लागले. परंतु नाव सर्वतोमुखी झालेले असतानाच त्यांना क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते हवापालटासाठी माळव्यातील देवास येथे गेले, वैद्यकीय सल्ल्याने गाणे पूर्ण बंद झाले, आणि सुमारे पाच वर्षांनी, स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचारांनंतर, ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एका फुप्फुसाची शक्ती कायमची गेली होती. ज्या वयात गवयाचा गळा सर्वाधिक चालतो, त्या वयात त्यांच्या वाट्याला केवळ ऐकणे आले. अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातील बायकांची गाणी कानी येत राहिली, आणि त्या ऐकण्यातून त्यांच्या ध्यानात आले की लोकधुन बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते, मात्र त्या थोड्या स्वरांच्या परस्परसंबंधात एखाद्या अजून न गायल्या गेलेल्या रागाची चाहूल असते. उरलेले स्वर कोठे आणि कसे लागावेत, हे गायकाने मनाने ठरवायचे नसून धुनेच्या चलनातून, म्हणजे एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या तिच्या स्वाभाविक रीतीतून, ओळखायचे असते. मालवती, संजारी, लगनगांधार, सहेली तोडी अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम’ राग म्हटले, आणि १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आपल्या रागरचना व बंदिशी स्वरलिपीसह अभ्यासकांपुढे ठेवल्या.

ही भूमिका शास्त्राबाहेरची नाही. मतंगाच्या ‘बृहद्देशी’त, जेथे रागाची व्याख्या प्रथम सविस्तर येते, तेथेच देशी संगीताचे वर्णन स्त्रिया, बालके, गोपाळ आणि राजे आपापल्या प्रदेशात आवडीने गातात ते गान, असे केलेले आहे, म्हणजे ग्रंथकारांना आपल्या सामग्रीचे घर ठाऊक होते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने नादाचे दोन प्रकार सांगितले: आघाताने उत्पन्न होणारा तो आहत, आणि आघाताशिवाय असणारा, योग्यांना अनुभवता येणारा तो अनाहत. संगीत आहत नादाचे आहे. म्हणून संगीतकाराला ‘राग आधीपासून होताच’ एवढे म्हणून सुटता येत नाही. प्रत्यक्ष कंठाचे, श्वासाचे, रियाजाचे श्रम केल्याशिवाय तो कोणालाच ऐकू येणार नव्हता, आणि येथे नैयायिकांचे म्हणणे मान्य करणे भाग आहे.

तथापि मीमांसकांच्या युक्तिवादांपैकी एक येथे निर्णायक ठरतो. तो युक्तिवाद प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘हा तोच’ या ओळखीचा. दहा जणांनी दहा वेळा ‘ग’ म्हटले, तरी ऐकणारा दहा गकार मोजत नाही, एकच गकार दहादा उच्चारला गेला असे समजतो. त्यावरून मीमांसकांनी गकाराची नित्यता काढली. ती नित्यता न मानताही इतके म्हणता येते की, राग हा एका गायनात संपणारा प्रसंग नसून ओळखता येणारे रूप आहे, आणि म्हणून तो खऱ्या अर्थाने अस्तित्वात येतो तो रचनाकाराने प्रथम गायला त्या दिवशी नव्हे, तर दुसऱ्या कोणी गायल्यावर श्रोत्याने ‘हा तोच’ म्हणून ओळखला त्या दिवशी. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ यांचा जोगकंस या कसोटीला पूर्ण उतरला. जोगातील दोन गांधार आणि कंस अंगाचा कोमल धैवत यांचा त्यांनी घातलेला मेळ आज घराण्यांच्या सीमा ओलांडून गायला-वाजवला जातो, आणि पुष्कळदा गाणाऱ्याला कर्त्याची आठवणही होत नाही. कुमारांचे धुनउगम राग मुख्यतः त्यांच्या शिष्यपरिवारातच राहिले. त्यांच्या सौंदर्याविषयी शंका नाही, परंतु त्यांची प्रत्यभिज्ञा अजून पुरी व्हायची आहे, असेच म्हणावे लागेल.

रूप टिकणे आणि कर्त्याचे नाव मागे पडणे या दोन गोष्टी बरोबरच घडतात, हे पालघर तालुक्यातील सातपाटीत सहज दिसते. पापलेटसाठी नावाजलेल्या या कोळी बंदराने मच्छीमारी होडीच्या एका घाटाला आपले नाव दिले आहे. मत्स्यव्यवसायाच्या तांत्रिक लेखनात ‘सातपाटी’ हा होडीचा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदला जातो. प्रत्येक होडीचे लाकूड नवे, सुतार नवा, घाट मात्र ओळखीचा, आणि तो सुताराच्या नव्हे तर गावाच्या नावाने चालतो. याच पालघर जिल्ह्यात आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवळे गाते, आणि वारली लग्नात धवलेरी ही स्त्रीच पुरोहिताचे काम करते: सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहून त्यात पालघट देवी रेखली की धवलेरीच्या गाण्याने देवांना बोलावणे जाते, आणि त्या गाण्यावाचून विवाह पुरा होत नाही. या चाली थोड्याच स्वरांच्या, पुन्हापुन्हा फिरणाऱ्या आहेत, माळव्यातील धुनांसारख्याच; आणि त्या ज्यांच्या कंठात आहेत, त्यांना रचनाकार म्हणण्याची पद्धत नाही.

धर्मशास्त्राने मनुष्यावर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली असून, त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे मानले आहे. धुनेतून राग काढणाऱ्यावर त्या धुनेच्या गायिकेचे ऋण याच जातीचे आहे, आणि बंदिशीत आपली मुद्रा, म्हणजे कर्त्याचे नाव, गुंफण्याची परंपरा असलेल्या संगीतात ते विसरले जाणे अधिकच अनुचित होय. डहाणू, पालघर, वसई या पट्ट्यात नव्या रचनेसाठी कान लावणाऱ्या तरुण संगीतकारांनी धवलेरीची अनुमती घेऊन, तिच्याजवळ बसून चाल शिकावी, आणि स्वरलिपी छापताना रागाच्या नावाखाली ती चाल ज्या पाड्यातून आणि जिच्या कंठातून आली, त्या दोहोंची नोंद करावी.