खेळण्याची किंमत

गरजेच्या वस्तू विकत घेताना माणसाला स्वतःच्या मनाला जाब द्यावा लागत नाही. तांदूळ, छत्री, मुलांची पुस्तके यांची गरजच त्यांची बाजू मांडते. प्रश्न उभा राहतो तो केवळ आनंदासाठी घेतलेल्या वस्तूपाशी. इंग्लंड, अमेरिका वा जपानमधील एखादा नोकरदार गृहस्थ आठवडाभर साध्या गाडीने कामावर जातो आणि सुटीच्या दिवशी फिरवण्यासाठी म्हणून माझदा कंपनीची 'आर एक्स-८' ही वापरलेली स्पोर्ट्स कार विकत घेतो. ती ना सामान वाहण्याच्या कामाची, ना रोजच्या धावपळीच्या. थोडक्यात, प्रौढ माणसाचे ते खेळणेच. त्याचे हे वागणे योग्य म्हणावे काय?

आपल्याकडे माझदा हे नाव घरोघरी पोहोचले ते 'स्वराज माझदा'च्या मालमोटारी आणि बसगाड्यांमुळे. प्रस्तुत गाडी अगदी निराळ्या जातीची. नेहमीच्या इंजिनात दट्टे खालीवर होतात. हिच्या इंजिनात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर लंबगोल पोकळीत गरगर फिरतो. फेलिक्स वांकेल या जर्मन तंत्रज्ञाच्या कल्पनेतून असे पहिले इंजिन १९५७ मध्ये एन एस यू कंपनीत चालू झाले. 'आर एक्स-८' मध्ये असे दोन रोटर असतात. दोहोंची मिळून क्षमता अवघी १३०८ घन सेंटिमीटर, परंतु फेऱ्यांचा काटा मिनिटाला नऊ हजारांपर्यंत चढतो, आणि तोही फारशा थरथरीविना. ज्याने हे अनुभवले, त्याला त्या मोहाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

मात्र या सुखाचे मोल इंजिनाच्या पोटातच लिहिलेले असते. रोटरच्या तिन्ही टोकांवर बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या भिंतीला घासत फिरतात आणि आतला दाब धरून ठेवतात. त्या झिजल्या की इंजिनाचा प्राण गेला. माझदाच्या केनिची यामामोटो यांच्या सत्तेचाळीस अभियंत्यांना सुरुवातीच्या चाचण्यांत पोकळीच्या भिंतीवर ओरखडे आढळत. त्यांना ते 'सैतानाच्या नखांचे व्रण' म्हणत. अथक प्रयत्नांनी त्यांनी ती अडचण दूर केली आणि १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' रस्त्यावर आली. १९९१ साली याच जातीच्या इंजिनाने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तरी झीज ती झीजच. हे इंजिन वंगणाचे तेल थोडे थोडे जाळतच चालते, म्हणून तेलाची पातळी वारंवार पाहावी लागते. थंड असताना चालू करून लगेच बंद केले, तर आत पेट्रोल तुंबते आणि गाडी पुन्हा चालू होता होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी ती नव्हेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खेळणे हेच मुळी दोषास्पद आहे, असे मानणारे कठोर मन आपल्यात पुष्कळदा दिसते. संत थॉमस अक्वायनस यांचे मत तसे नव्हते. संत योहान शिष्यांसह खेळत असता कोणी नाक मुरडले, ती जुनी कथा ते सांगतात. योहानाने त्या माणसाला धनुष्य ताणून बाण सोडावयास लावले आणि विचारले, 'असे सतत करता येईल का?' धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच, हा कथेचा बोध. श्रमलेल्या मनाला खेळ हवा. मात्र तो व्यक्तीला, वेळेला आणि स्थळाला शोभणारा असावा, अशी थॉमस यांची एक अट आहे.

तेव्हा आनंद घ्यावा की नाही, हा खरा प्रश्नच नव्हे. त्या आनंदाची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

एन एस यू कंपनीने १९६७ मध्ये 'आर ओ ८०' ही देखणी गाडी काढली. लवकरच तिच्या पट्ट्या झिजू लागल्या. हमीप्रमाणे इंजिनामागून इंजिन बदलून देताना कंपनी जेरीस आली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. तोटा झाला, पण तो ज्याचा त्याने सोसला. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडू शकते. नऊ हजार फेऱ्यांची मजा पहिला मालक लुटतो आणि इंजिनाचे काम निघते ते तिसऱ्याच्या हाती. रंग चकाकत असतो, गादी मऊ असते. झीज तेवढी दिसत नाही. गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू करावे आणि जाणत्या मेकॅनिककडून आतला दाब मोजून घ्यावा, तेव्हा कोठे सत्य कळते.

घराचे लाकूड कुजले आहे, हे केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक असेल तर त्याने गप्प राहावे काय, असा प्रश्न सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वीच मांडला होता. थॉमस त्याचे उत्तर विवेकाने देतात. घोडा एकाक्ष असेल तर ते सर्वांना दिसते. किंमत वाजवी कमी केली असेल तर मुद्दाम सांगण्याची सक्ती नाही. परंतु ज्या लपलेल्या दोषाने घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो सांगितलाच पाहिजे. झिजलेली पट्टी हा असाच लपलेला दोष होय. 'त्याने विचारले नाही' हे उत्तर येथे चालत नाही.

हे बंधन घेणाऱ्यावरही आहे. समजा, घरधनी वारल्यावर त्याची गाडी विधवा पत्नी भंगाराच्या भावाने विकू पाहते, आणि इंजिन धडधाकट असल्याचे घेणाऱ्याला कळून चुकले आहे. तिच्या अज्ञानावर नफा कमावणे ही चतुराई नव्हे. वस्तू मोलापेक्षा महाग विकणे जसे अन्याय्य, तसेच स्वस्तात लाटणेही अन्याय्यच, हेही थॉमस यांचेच म्हणणे.

किंमत मोजणारे आणखीही असतात. प्रदूषणाचे नवे नियम पाळता न आल्याने युरोपात या गाडीची विक्री २०१० मध्ये थांबली, आणि २०१२ मध्ये तिचे उत्पादनच बंद झाले. म्हणजे तिच्या धुरातला काही वाटा शेजाऱ्याच्याही श्वासात जातो. घरच्यांचे तर विचारायलाच नको. इंजिनासाठी लागणारी रक्कम आधीच बाजूला काढलेली नसेल, तर उद्या ती मुलांच्या फीमधून वा पत्नीच्या औषधातून निघते. रविवार गाडीच्या पोटाशी गेला, तर तो घराच्या वाट्याचा असतो.

म्हणून त्या गृहस्थाला 'घेऊ नकोस' असे सांगण्याचे कारण नाही. हिशेब मात्र पुरता मांडावयास सांगावे. दाब मोजून घे, दुरुस्तीचे पैसे आधी ठेव, सहलीत घरच्यांनाही जागा दे, आणि विकशील त्या दिवशी मोजलेला दाब न विचारता सांग. एवढे जमत असेल तर त्या नऊ हजार फेऱ्या त्याने निःसंकोच ऐकाव्यात. आपल्या आनंदाचे मोल जो स्वतः चुकते करतो, त्याचा खेळ निर्मळ असतो. दुसऱ्याच्या नावावर मांडलेला आनंद मात्र, तो कितीही लहान असो, उधारीच असते.